न्यायमूर्तींची रात्रशाळा

कोल्हापुरातील एका घरात एक लहान मुलगा खांबासमोर सोंगट्यांचा पट मांडून बसला होता. खेळावयास जोडीदार मिळाला नव्हता, म्हणून त्याने खांबालाच जोडीदार केले होते. एका हाताने तो खांबासाठी दान टाकी आणि दुसऱ्या हाताने स्वतःसाठी. खेळ संपला तेव्हा डाव खांबाने जिंकला होता. पाहणाऱ्यांना हसू आले. निर्जीव खांबाकडून हरल्याची लाज कशी वाटत नाही, असे त्यांनी मुलाला विचारले. परंतु त्या मुलाला त्यात लाजण्यासारखे काहीच दिसत नव्हते. खांबाच्या वाट्याला जे दान पडले ते त्याने प्रामाणिकपणे खांबाला दिले होते. आपल्याला अडविणारे कोणी नाही एवढ्यावरून खेळाचा नियम मोडावा, असे त्याच्या मनातही आले नाही.

हा मुलगा म्हणजे महादेव गोविंद रानडे. पुढे ते न्यायमूर्ती रानडे या नावाने सर्व हिंदुस्थानात प्रसिद्ध झाले. मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायाधीश, अर्थशास्त्राचे अभ्यासक, इतिहासकार आणि समाजसुधारक अशी त्यांची कीर्ती आहे. त्यांनी वाढविलेल्या संस्था, दिलेली व्याख्याने आणि लिहिलेले ग्रंथ यांची माहिती इतिहासाच्या पुस्तकांत मिळते. परंतु या साऱ्या कामांबरोबर त्यांनी एक लहानशी शाळा चालविली होती. त्या शाळेला इमारत नव्हती, घंटा नव्हती, वेतन घेणारा शिक्षक नव्हता. विद्यार्थिनी एकच होती. ही शाळा त्यांच्या घरातच, बहुधा रात्रीच्या वेळी भरत असे.

माधवरावांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. त्यांचे वडील गोविंदराव हे पुढे कोल्हापूर संस्थानात नोकरीस होते, त्यामुळे माधवरावांचे बालपण कोल्हापुरात गेले. लहानपणी ते अबोल होते. हा मुलगा पुढे काय करील, याची घरच्यांना काळजीच वाटे. परंतु शिक्षणासाठी मुंबईस गेल्यावर त्यांच्या बुद्धीचे तेज दिसू लागले. मुंबई विद्यापीठातून 1862 साली जे पदवीधरांचे पहिले पथक बाहेर पडले, त्यात ते होते. पुढे त्यांनी एम. ए. आणि कायद्याची पदवी संपादन केली. या काळात त्यांनी इतके वाचन केले की त्यांचे डोळे बिघडले आणि दृष्टी कायमची अधू झाली. हे डोळ्यांचे दुखणे त्यांच्या चरित्रात पुन्हा भेटणार आहे.

1871 साली माधवराव पुण्यास न्यायाधीश म्हणून आले. त्या दिवसापासून त्यांना कामाची उसंत म्हणून मिळाली नाही. पहाटे उठावे, तुकाराममहाराजांचे अभंग म्हणत ईश्वरचिंतन करावे, नंतर टपाल आणि वर्तमानपत्रे पाहावी, भेटीस आलेल्या मंडळींशी बोलावे, आणि जेवण करून कचेरीस जावे, असा त्यांचा क्रम असे. कचेरीत दिवाणी दाव्यांचे ढीग पडलेले असत. संध्याकाळी फिरणे होई आणि मग सभा व विचारविनिमय सुरू होई. पुण्यातील सार्वजनिक सभा ही 1870 साली स्थापन झालेली संस्था लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडीत असे. तिच्या कामात माधवरावांचा मोठा वाटा होता. 1876 आणि 1877 या दोन साली दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. तेव्हा गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे ठेवण्याचे काम सभेने केले. पुढे सभेने त्रैमासिक काढले, त्यातील बरेचसे लेख माधवरावांच्याच लेखणीतून उतरत. प्रार्थनासमाज होता, व्याख्यानमाला होती, विधवाविवाहाची चळवळ होती. कोणतेही सार्वजनिक कार्य निघो, सल्ल्यासाठी लोकांची पावले त्यांच्याच घराकडे वळत.

अशा धकाधकीत 1873 साली त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात त्यांची पहिली पत्नी सखूबाई निवर्तली. माधवरावांना फार दुःख झाले. इतक्यात गोविंदरावांनी त्यांच्या दुसऱ्या लग्नाची खटपट सुरू केली. मुलगा सुधारक आहे, तो कदाचित एखाद्या विधवेशी विवाह करील, अशी भीती त्यांना वाटत होती. माधवरावांनी आपल्याला एवढ्यात लग्न करावयाचे नाही म्हणून वडिलांची परोपरीने विनवणी केली. पण गोविंदराव हट्टास पेटले होते. अखेर वडिलांचा शब्द मोडणे माधवरावांना जमले नाही. डिसेंबर महिन्यात त्यांचे लग्न झाले. नवरा मुलगा 31 वर्षांचा आणि नवरी अवघी 11 वर्षांची होती.

या लग्नामुळे माधवरावांवर टीकेचा वर्षाव झाला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्याने स्वतःची वेळ येताच माघार घेतली, असे लोक म्हणू लागले. ती टीका निराधार नव्हती. इतक्या लहान मुलीचे लग्न करणे ही त्या काळची सर्वमान्य रूढी होती. आज कायद्याने तो गुन्हा आहे. माधवरावांनाही ही रूढी पटत नव्हती, आणि तरीही ते तिच्यात सापडले. झालेली गोष्ट आता परत फिरविता येण्यासारखी नव्हती. त्या अजाण मुलीसाठी यापुढे आपण काय करावे, एवढेच त्यांच्या हाती उरले होते.

ही मुलगी म्हणजे रमाबाई. आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे त्यांचे माहेर. कुर्लेकरांचे ते घराणे प्रतिष्ठित होते, तरी घरातील मुलींना अक्षरओळख नव्हती. मुलगी लिहू-वाचू लागली तर घरावर संकट येते, अशी समजूत त्या काळी घरोघर होती. लग्न झाल्यावर वडील मुलीला पुण्यास ठेवून गावी परतले. अनोळखी वाडा आणि अनोळखी माणसे, त्यात ही लहानगी सून कावरीबावरी होऊन वावरत होती.

त्या दिवशी संध्याकाळी माधवराव कचेरीतून परत आले. रात्री त्यांनी रमाबाईंना जवळ बसवून घेतले. आपले नाव काय, आपण कोण, हे तिला माहीत आहे काय, असे त्यांनी विचारले. तिच्या माहेरची, आईवडिलांची चौकशी केली. स्वतःविषयीही थोडे सांगितले. मग लिहिता-वाचता येते काय, असा प्रश्न केला. येत नाही असे उत्तर मिळाले. तेव्हा माधवरावांनी पाटी आणि पेन्सिल आणविली आणि त्याच रात्री पहिली अक्षरे गिरविण्यास दिली. न्यायाधीशांच्या रात्रशाळेचा आरंभ असा झाला.

हा आरंभ कोणालाही करता आला असता. नव्या उत्साहात मनुष्य पुष्कळ गोष्टी सुरू करतो. चार दिवस जातात, कामाची गर्दी वाढते आणि सुरू केलेली गोष्ट बाजूला पडते. माधवरावांजवळ तर सबबींना तोटा नव्हता. निकालपत्रे लिहावयाची होती, सभेचे अर्ज तयार करावयाचे होते, पाहुण्यांची ये-जा अखंड चालू होती. पाटी उद्यावर ढकलली असती तर त्यांना जाब विचारणारे कोणीही नव्हते. उलट घरातील मंडळींना त्याचा आनंदच झाला असता. परंतु कचेरीची वेळ जशी ठरलेली, तशी या शाळेचीही वेळ ठरून गेली. रात्री जेवणे झाली, भेटीस आलेली मंडळी निघून गेली, की दिव्यापाशी पाटी येई. अक्षरे झाली, बाराखडी झाली, मग पुस्तके आली. पुढे दिवसा शिकविण्यासाठी एक शिक्षिकाही नेमली. तरी रात्रीचा पाठ माधवरावांनी सोडला नाही.

या शाळेत दोघांचेही कष्ट होते. माधवराव दिवसभराच्या कामाने थकलेले असत. रमाबाईंच्या मागे मोठ्या घराची कामे असत. स्वयंपाक, वाढणे, सोवळेओवळे, वडीलधाऱ्यांची सेवा, हे सर्व आटोपल्यावर त्यांना धडा वाचावयाचा असे. झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी बाराखडी गिरविणाऱ्या त्या मुलीची कल्पना केली म्हणजे विद्येचे मोल समजते.

घरात माधवरावांची सावत्र आई, बहीण आणि इतर नात्यातील स्त्रिया होत्या. सुनेने शिकावे हे त्यांपैकी बहुतेकींना मुळीच पसंत नव्हते. माधवरावांपुढे त्या फारसे बोलत नसत, पण ते कचेरीस गेले की रमाबाईंना टोमणे ऐकावे लागत. एकदा भांडी धुताना रमाबाईंच्या हाती इंग्रजी वर्तमानपत्राचा एक फाटका तुकडा आला. शिकलेली अक्षरे ओळखू येतात की काय, हे पाहण्याचा मोह त्यांना आवरला नाही. हातातले काम थांबवून त्या तो तुकडा वाचू लागल्या. इतक्यात नणंदेने ते पाहिले आणि रमाबाईंना चांगलीच बोलणी खावी लागली. पुढे एका युरोपियन बाई त्यांना इंग्रजी शिकविण्यास येऊ लागल्या. तेव्हा तर परकीय बाईच्या शेजारी बसून आलेल्या सुनेला सोवळ्यातील वस्तूंचा स्पर्शही नको झाला.

अशा वेळी माधवराव कसे वागत? त्यांनी कधी आईला किंवा बहिणीला कठोर शब्द लावला नाही. वडीलधाऱ्यांचा मान त्यांनी शेवटपर्यंत राखला. रमाबाईंना ते समजावीत, की या मंडळींचा राग जुन्या समजुतींमुळे आहे, तो मुकाट्याने सोसावा आणि आपला अभ्यास सोडू नये. सांगणे थोर होते, पण सोसण्याचा जड वाटा रमाबाईंकडे आला, हेही विसरता येत नाही. दिवसभर ज्यांच्या सहवासात राहावयाचे त्यांचा रोष पत्करून त्या शिकत होत्या. रात्रीच्या त्या घटकाभराच्या पाठात शाबासकीचे जे दोन शब्द मिळत, तेवढ्या शिदोरीवर त्यांना दुसरा दिवस काढावा लागे.

त्या शिदोरीचे मोल किती होते, हे एका प्रसंगावरून कळते. रात्री माधवराव अंथरुणावर पडले म्हणजे रमाबाई त्यांच्या तळपायांना तूप चोळीत आणि त्याच वेळी वाचन किंवा बोलणे होई. एकदा घरातील आणि ओळखीतील जुन्या वळणाच्या स्त्रियांचे मन राखण्यासाठी रमाबाई माधवरावांच्या इच्छेविरुद्ध वागल्या. स्त्रियांच्या सभांना रमाबाईंनी जावे की जाऊ नये, हा वाद होता. त्या रात्री माधवराव काहीच बोलले नाहीत. वाचावयास सांगितले नाही, दिवसाच्या गोष्टी विचारल्या नाहीत. रमाबाई पाय चोळीत वाट पाहत राहिल्या. माधवराव कूस बदलून स्वस्थ पडले. रागाचा एकही शब्द त्यांनी काढला नव्हता, पण रमाबाईंना त्या मौनाने रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन क्षमा मागितली, तेव्हा दोघांचेही मन मोकळे झाले.

या प्रसंगात रमाबाईंची चूक होती, असे म्हणता येणार नाही. घरातील स्त्रिया एकीकडे ओढीत होत्या आणि पती दुसरीकडे. त्या ओढाताणीत सापडलेल्या तरुण मुलीला एक पाऊल चुकीचे पडले असेल, तर त्याचे नवल नाही. माधवरावांचे मौन त्या मानाने कठोरच होते. पण त्या एका रात्रीवरून इतर रात्री कशा होत्या, हे मात्र स्पष्ट दिसते. रोजचे बोलणे एक दिवस थांबले आणि घरातील दिवाच विझल्यासारखे झाले. दोघांच्या आयुष्यात त्या वेळेला केवढे स्थान होते, हे त्यावरून उमगते.

1877 साली गोविंदराव वारले आणि 1878 साली माधवरावांची बदली नाशिकला झाली. वडीलधाऱ्या स्त्रियांचा जाच येथे नव्हता. त्यामुळे शाळेला बहर आला. माधवराव स्वतः रमाबाईंना इंग्रजी शिकवू लागले. या वेळी लोकहितवादी म्हणून प्रसिद्ध असलेले गोपाळ हरी देशमुख हेही न्यायखात्यातील नोकरीनिमित्त नाशिकात होते. दोन्ही कुटुंबांचा घरोबा जमला. हळदीकुंकवाच्या निमित्ताने स्त्रिया एकत्र येऊ लागल्या. मुलींच्या शाळेच्या बक्षीस समारंभात रमाबाईंनी आभाराचे छोटे भाषण वाचून दाखविले. पाच वर्षांपूर्वी जिला एक अक्षर येत नव्हते, ती मुलगी आता भरसभेत उभी राहून वाचत होती.

1879 साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे पुण्यात मोठी खळबळ माजली. सरकारला पुण्यातील पुढाऱ्यांचा संशय येऊ लागला. माधवरावांची बदली तातडीने धुळ्याला करण्यात आली. तेथे त्यांची टपालाची पत्रेदेखील फोडून पाहिली जात. अशा संशयाच्या छायेत दिवस काढणे कोणालाही कठीण जाते. परंतु माधवरावांनी आपले मन स्थिर ठेवले. दिवसभर सरकारी काम करावे आणि रात्री नेमाने पाठ घ्यावा, हा क्रम धुळ्यातही चुकला नाही. थोड्याच काळात सरकारचा संशय फिटला आणि 1881 साली ते पुन्हा पुण्यास आले.

आता घरातील शाळेचा उजेड घराबाहेर पडण्याची वेळ आली होती. 1882 साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. माधवरावांच्या रमाबाई त्या समाजात जाऊ लागल्या. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल असावे, अशी मागणी सुधारक मंडळींनी सुरू केली. त्यासाठी गव्हर्नरसाहेबांच्या उपस्थितीत सभा भरली, तेव्हा इंग्रजीतील निवेदन रमाबाईंनी वाचले. त्या काळी एका हिंदू स्त्रीने साहेबांच्या सभेत इंग्रजी वाचावे, ही अपूर्व घटना होती. त्या दिवशी घरी परतल्यावर मात्र कौतुकाऐवजी त्यांना पुन्हा कडवट बोल ऐकावे लागले. 1884 साली ते हायस्कूल सुरू झाले. हुजूरपागेची शाळा या नावाने ते सर्वांना परिचित आहे. देवराष्ट्र्याच्या मुलीने पाटीवर अक्षरे गिरविली, त्यातून इतर मुलींसाठी दार उघडण्यास असा हातभार लागला.

1886 साली सरकारी खर्चात काटकसर कशी करावी, याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीवर माधवरावांची नेमणूक झाली. त्या कामासाठी त्यांना कलकत्त्यास म्हणजे आजच्या कोलकात्यास राहावे लागले. हिशेबांचे कागद, साक्षी आणि बैठकी यांत दिवस कसा सरे ते कळत नसे. एके दिवशी दारावर बंगाली वर्तमानपत्र विकणारा आला. या घरातील कोणालाच बंगाली वाचता येत नव्हते. ज्या प्रांतात राहावयाचे त्या प्रांताची भाषा येऊ नये, ही गोष्ट माधवरावांच्या मनाला लागली. त्यांनी बंगाली पुस्तके आणविली, स्वतः अभ्यास सुरू केला आणि रमाबाईंनाही शिकविण्यास आरंभ केला.

वेळ तर मिळत नव्हता. मग माधवरावांनी एक युक्ती काढली. न्हावी हजामत करावयास आला की ते हातात बंगाली पुस्तक घेऊन बसत आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ व उच्चार त्यालाच विचारीत. रमाबाईंनी हे पाहिले तेव्हा त्यांना हसू लोटले. एवढ्या मोठ्या माणसाने न्हाव्याला गुरू करावे, याची त्यांनी थट्टाही केली. ज्ञान कोणाकडूनही घेण्यात कमीपणा नाही, असे माधवरावांनी हसतच उत्तर दिले. सकाळी न्हाव्याकडून शिकावे आणि तेच रमाबाईंना शिकवावे, असा क्रम चालला. बरोबर शिकताना होणारी अशी थट्टामस्करी हाही त्या शाळेचा एक पाठच होता. गंभीर मुद्रेच्या न्यायाधीशांना पोट धरून हसविणारे स्थळ जगात एकच होते, आणि ते म्हणजे त्यांचे घर.

पुढे शेतकऱ्यांच्या कर्जासंबंधीच्या कायद्याखाली माधवरावांना खास न्यायाधीश नेमण्यात आले. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत हिंडून तेथील न्यायालयांचे काम त्यांना तपासावे लागे. त्या काळचा प्रवास बैलगाडीचा, मुक्काम गावोगावचा. वर्षातील कित्येक महिने असे फिरतीत जात. या फिरतीत पुष्कळदा रमाबाई त्यांच्याबरोबर असत. माधवराव कचेरीत गुंतले की रमाबाई गावातील मुलींची शाळा पाहावयास जात, स्त्रियांना भेटत. रात्री दिव्याशी बसून दोघे आपापला दिवस एकमेकांना सांगत. आरंभी माधवराव बोलत आणि रमाबाई ऐकत. आता रमाबाईंजवळही सांगण्यासारखे पुष्कळ साठलेले असे.

हळूहळू एक मोठा पालट घडून आला. माधवरावांची दृष्टी अधू होती हे पूर्वी सांगितलेच आहे. वय वाढले तशी दिव्याच्या उजेडात वाचणे त्यांना त्रासाचे होऊ लागले. तेव्हा रमाबाई त्यांचे डोळे झाल्या. टपालातील पत्रे, मराठी व इंग्रजी वर्तमानपत्रे आणि ग्रंथ त्या वाचून दाखवीत. माधवराव सांगत आणि त्या लिहून घेत. ज्या दिव्यापाशी गुरू शिष्येला अक्षर दाखवीत असे, त्याच दिव्यापाशी आता शिष्या गुरूला वाचून दाखवू लागली. माधवरावांनी देताना परतफेडीचा हिशेब केला नव्हता. पण आपल्या माणसासाठी खर्च केलेला वेळ असा नकळत परत येतो.

1893 साली माधवराव मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. पद मोठे, काम त्याहून मोठे. न्यायदान चालूच होते. सामाजिक परिषदेचे काम होते, उद्योगधंद्यांच्या वाढीचे प्रयत्न होते, अर्थशास्त्रावरील निबंध होते, मराठ्यांच्या इतिहासावरील ग्रंथ लिहावयाचा होता. तो ग्रंथ 1900 साली प्रसिद्ध झाला. पण अखंड श्रमाने प्रकृती खालावली होती. हृदयविकार जडला होता. त्या वर्षाअखेर लाहोरास भरणाऱ्या सामाजिक परिषदेस जाण्याची त्यांची फार इच्छा होती. डॉक्टरांच्या सल्ल्यामुळे ते राहून गेले. 16 जानेवारी 1901 रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. ज्या शाळेचा पहिला पाठ 1873 साली झाला, ती सत्तावीस वर्षांनी बंद पडली.

बंद पडली असे म्हणावयाचे, पण ते खरे नव्हे. माधवराव गेले तेव्हा रमाबाईंना एकोणचाळीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. काही काळ त्या दुःखाने घराबाहेर पडल्या नाहीत. पुढे मात्र त्या उठल्या आणि कामाला लागल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना त्या भेटत, त्यांना चार समजुतीच्या गोष्टी सांगत. 1908 साली मुंबईत सेवासदन निघाले आणि 1909 साली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. रमाबाई पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ होत्या. लहानपणी शिकण्याची संधी हुकलेल्या प्रौढ स्त्रिया, विधवा, संसारात गुंतलेल्या गृहिणी येथे येऊन लिहू-वाचू लागल्या. कोणी शिक्षिका झाल्या, कोणी परिचारिका झाल्या. मुलींना सक्तीचे शिक्षण मिळावे आणि स्त्रियांना मताचा हक्क असावा, यासाठीही रमाबाई झटल्या. 1924 साली त्यांचा अंत झाला, तोपर्यंत त्यांचे हे कार्य अखंड चालू होते.

1910 साली रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. माधवरावांच्या घरातील जीवनाची माहिती मुख्यत्वे या पुस्तकावरूनच मिळते. ज्या मुलीला 1873 साली आपले नावही लिहिता येत नव्हते, तिनेच आपल्या गुरूचे घरगुती चित्र पुढील पिढ्यांसाठी लिहून ठेवले. ती शिकली नसती, तर हायकोर्टाचे न्यायमूर्ती सर्वांना कळले असते, पण न्हाव्याजवळ बंगाली शिकणारे माधवराव कोणाला कधी भेटले नसते.

माधवरावांच्या दिवसालाही चोवीसच तास होते. त्यांचे डोळे अधू होते, कामे इतरांपेक्षा कितीतरी जास्त होती आणि घरातील मंडळी विरुद्ध होती. तरीही त्या दिवसातून त्यांनी एक लहानसा भाग काढून ठेवला आणि तो दुसऱ्या कोणत्याही कामाला कधी दिला नाही. दिवस संपल्यावर उरेल तो वेळ घरच्यांना द्यावा, असा विचार त्यांनी केला असता, तर तो वेळ कधीच उरला नसता. खांबाशी खेळताना त्या लहान मुलाने खांबाच्या वाट्याचे दान खांबाला दिले होते. मोठेपणी त्याने आपल्या माणसांच्या वाट्याचा वेळ आपल्या माणसांना दिला. अडविणारे तेव्हाही कोणी नव्हते आणि जाब विचारणारे आताही कोणी नव्हते.